डबा सुटल्यानंतर

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात सत्तरच्या दशकात पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीवर जे बांधलं जायचं, ते दुकानात मिळत नव्हतं. ते गोठ्याच्या माळ्यावर पडलेलं असायचं. कुणाच्या वाट्याला वाळलेला भोपळा यायचा, कुणाच्या रॉकेलचा डबा, आणि मुलूख कपाशीचा असल्याने बऱ्याच जणांच्या वाट्याला एन्ड्रीनचा. एन्ड्रीन म्हणजे कपाशीवरच्या किडीचं जहाल औषध, ज्यावर पुढे देशात बंदी आली. रिकामा डबा राखेने दोनदा घासला, विहिरीच्या कठड्यावर उन्हात पालथा घातला, की तो पोरांच्या ताब्यात. पोरगं बुडू नये म्हणून विषाचा डबा त्याच्या पाठीला बांधायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ज्यांच्याबद्दल हे लिहायचं आहे, त्या गुरुजींच्याही पाठीवर असाच डबा होता. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. आता पहाटे नळगंगेच्या पाण्यावर कयाक घेऊन जातात आणि उन्हं चढेपर्यंत गरी टाकून बसतात. गुरुजींच्या घाटाखालच्या गावात बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोल झाल्या, आणि पुढच्या चांगल्या पावसाळ्यांत त्या भरल्यावर पोरांना पोहायला जागा मिळाली. गुरुजींचे काका कठड्यावर उभे राहायचे, हातात चऱ्हाटाचं टोक. डबा बांधण्याआधी ते तो कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं तर सांधा गळतोय, मग तो डबा बाद. नसेल तर पाठीवर आडवा ठेवून काखेखालून आणि पोटावरून दोर आवळायचा, आणि पोराला काही कळायच्या आत ढकलून द्यायचं. वरून एकच आरोळी, “पोट्ट्या, हात मार!”

काही दिवसांनी डबा सुटायचा. अमक्याच्या पोराचा डबा सुटला, ही गावात सांगण्यासारखी बातमी असायची. मागे राहिलेल्यांना ‘डबेवाले’ म्हणून चिडवत. एकदा सुटलेला डबा पुन्हा बांधणं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. पोहता येणाऱ्याने तरंगायला कशाची मदत घ्यायची नसते, हे त्या वयात असं मनात रुतून बसलं की पुढची चाळीसेक वर्षं ते उपटायला कुणी गेलं नाही. नदी-तलावांवरच्या अपघातांच्या बातम्यांत ‘पट्टीचा पोहणारा’ हे शब्द इतक्या वेळा येतात, त्याचं एक मूळ विहिरीच्या या कठड्यावर आहे.

सातवीला अर्किमिडीजचा सिद्धांत शिकवताना गुरुजी हाच डबा वर्गात आणायचे. पाच लिटरचा बंद डबा बादलीत पूर्ण दाबला तर तो पाच लिटर पाणी बाजूला सारतो. तेवढ्या पाण्याचं वजन पाच किलो. म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन वजा जाता जवळजवळ पाच किलोची उचल मिळते. पोरं दोन्ही हातांनी डबा दाबून बघत आणि तो उसळून वर आला की हसत. गंमत अशी की बाजारात पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या जॅकेटांचं आंतरराष्ट्रीय माप पन्नास न्यूटनचं आहे. पन्नास न्यूटन म्हणजे पाच किलोची उचल. काकांनी कुठलंही प्रमाणपत्र न वाचता तोच आकडा पाठीला बांधला होता.

माणसाला लागतंही तेवढंच. साठ-सत्तर किलोचा देह पाण्यात उतरला की जवळजवळ बिनवजनाचा होतो. तोंड पाण्याबाहेर राहायला बहुतेक प्रौढांना तीन ते साडेपाच किलोची जादा उचल पुरते. फरक आहे तो जागेचा. डबा पाठीवर असतो, त्यामुळे पोर पालथं तरंगतं आणि हात मारायला मोकळं राहतं. पण हात थांबले की तोंड पाण्याकडे. म्हणून तर काका दोराचं टोक सोडत नसत. चांगल्या जॅकेटात फोमचा मोठा भाग छातीवर असतो, म्हणजे दमलेल्या माणसाला उताणं पडून श्वास घेता येतो. त्यातही भेद आहेतच. पन्नास न्यूटनचं जॅकेट शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणं करेलच याची खात्री देत नाही. ते काम शंभर न्यूटनपासून पुढच्या मापांचं. खवळलेल्या पाण्यासाठी दीडशे आणि भर समुद्रातल्या जड कपड्यांसाठी दोनशे पंचाहत्तर. जितकी उचल जास्त तितकं जॅकेट जाड, आणि जितकं जाड तितके हात अडणार. या ओढाताणीतूनच पुढे गुरुजींची सगळी शोधाशोध झाली.

विहिरीनंतर धरण आलं. अजिंठ्याच्या रांगेतून उतरून मलकापूरवरून पूर्णेला मिळणाऱ्या नळगंगेवरचं हे मातीचं धरण साठच्या दशकातलं. गोसीखुर्दपासून सव्वाचारशे किलोमीटरपेक्षा लांब कालवा काढून वैनगंगेचं पाणी इथवर आणायच्या योजनेला राज्य सरकारने २०२४मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून नळगंगेचं नाव पेपरात वारंवार येतं. गुरुजींच्या कॉलेजच्या दिवसांत मात्र तिथे ट्रकच्या ट्यूबचं राज्य होतं. टायर पंक्चरच्या दुकानातून ठिगळं लावलेली ट्यूब आणायची, तिच्यावर फळी बांधायची आणि वर बसून हातांनी पाणी ओढत निघायचं. धरणावरचे भोईदादा अशाच ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावायचे. ट्यूबची उचल एन्ड्रीनच्या डब्याच्या कितीतरी पट. पण डबा अंगाला बांधलेला होता आणि ट्यूब नव्हती. माणूस घसरून पाण्यात पडला की हलकी झालेली ट्यूब वाऱ्यावर निघून जाई, आणि पोहणाऱ्यापेक्षा वारा नेहमी वेगाने पोहतो.

गुरुजींची नोकरीतली बरीच वर्षं जिल्ह्याच्या घाटावरच्या भागात गेली. तिथे पाण्याची ठिकाणं आणखी मिळाली. सिंदखेडराजाचा मोती तलाव, देऊळगाव राजाकडचं खडकपूर्णेचं धरण. चोखोबांचं जन्मगाव मेहुणा राजा जवळच, म्हणून त्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. जिल्ह्याचं जगप्रसिद्ध पाणी अर्थातच लोणारचं, पण ते इतकं खारं आणि अल्कधर्मी की त्यात मासाच नसायचा. म्हणजे बुलढाण्याचा गरीवाला जगाला माहीत असलेल्या एकुलत्या एका सरोवराकडे पाठ करूनच बसायचा. गुरुजी काठावर बसायचे, मरळीची वाट बघत. मरळ काठच्या गवतात, बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांत दबा धरून असते, आणि नेमकी तिथेच काठावरून फेकलेली गरी अडकते. पाण्याच्या बाजूने तिथे पोचता आलं तर, हा विचार तेव्हापासूनचा.

तो विचार निवृत्तीनंतर प्लॅस्टिकच्या कयाकच्या रूपाने दारात उतरला. पुण्यातल्या मुलीने तारकर्लीला कयाक चालवली होती. “बाबा, तुम्हाला हेच पाहिजे होतं,” असं फोनवर सांगून तिने एक सेकंडहँड कयाक टेम्पोत घालून पाठवून दिली. वर बसून चालवायची, रुंद बुडाची, पाठीला टेका असलेली. उत्तरध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी सीलच्या कातड्याची कयाक बनवली ती शिकारीसाठी आणि मासे मारायलाच, त्यामुळे गुरुजींचा उपयोग मूळ हेतूला धरून होता. धरणाचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे. त्यांनी अध्यक्षांना भेटून रीतसर विचारलं. ठरलं असं की जाळ्यांच्या रेषेत यायचं नाही, चिलापी नेली तर हरकत नाही, कटला किंवा रोहू लागला तर संस्थेच्या काट्यावर आणून दाखवायचा. गुरुजींनी ते आनंदाने मान्य केलं.

कयाकसोबत एक नारिंगी जॅकेट फुकट आलं होतं.

फुकट आलेल्या त्या जॅकेटाचं वर्णन केलं पाहिजे, कारण महाराष्ट्रातल्या बोटिंग क्लबांत, विसर्जनाच्या घाटावर आणि सहलीच्या तराफ्यांवर थोड्याफार फरकाने तेच असतं. पुढे दोन आणि मागे एक अशा कडक फोमच्या फळ्या. मानेला टोचणारी कॉलर. तीन पट्टे, त्यांतल्या मधल्याचं बकल हटकून तुटकं. सगळ्यांना एकच माप. उभं राहिलं तर कसंबसं चालतं, पण कयाकमध्ये बसलं की पाठीचा फोम टेक्यावर आपटतो, अख्खं जॅकेट वर सरकतं आणि कानाला लागतं. वल्हं ओढताना काख घासते. गरी फेकायला हात मागे नेला की कॉलर गालाला. एप्रिलच्या दहा वाजता आतून घामाचे ओघळ. अशा जॅकेटाचं जे सगळीकडे होतं तेच इथेही झालं: ते सीटखाली गेलं आणि गादी बनलं. वास्तविक फोमवर रोज सत्तर किलोचं वजन ठेवलं की तो दबून बसतो आणि त्याची उचल कमी होत जाते. पण विहिरीत डबा सुटलेल्या माणसाला त्या नारिंगी प्रकाराकडे बघताना गरम होण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती, हे गुरुजी आज मोकळेपणाने सांगतात.

बातम्या येतच होत्या. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ला गडचिरोलीत वैनगंगेवर मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव. मग २१ मे २०२४ची उजनीची संध्याकाळ: करमाळ्याचं कुगाव आणि इंदापूरचं कळाशी यांच्या दरम्यान अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटली, एक जण पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. ही शेवटची बातमी गुरुजींनी दोनदा वाचली. झुंज आणि वैनगंगा वाहत्या नद्या. उजनी मात्र त्यांच्या ओळखीचं पाणी, धरणाचं फुगवट्याचं, वरून शांत दिसणारं. वळवाचं वारं नळगंगेवरही तसंच येतं. आधी मलकापूरच्या बाजूला धूळ उठते, मग पाच-दहा मिनिटांत पाणी पांढरं होतं.

याच काळात त्यांच्या विज्ञानाच्या वाचनात जुन्या जॅकेटांची कथा आली. इंग्लंडच्या लाइफबोट संस्थेतला नौदल अधिकारी कॅप्टन वॉर्ड याने १८५४मध्ये बुचाचं जॅकेट तयार केलं. बूच तरंगतं हे सगळ्यांना ठाऊक होतंच. वॉर्डची करामत अशी की त्याने बुचाचे तुकडे कॅनव्हासवर सुटे सुटे शिवले, त्यामुळे वल्हवताना अंग वाकवता यायचं. ज्यांनी ते घालायचं ते वल्हेकरी होते, आणि हात अडला तर ते काढून ठेवतील हे त्याला कळलं होतं. १८६१च्या फेब्रुवारीत व्हिटबीच्या किनाऱ्यावर वादळात लाइफबोट उलटली; तेरा जणांतले बारा गेले आणि हेन्री फ्रीमन एकटा वाचला. वॉर्डच्या घडणीचं जॅकेट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्याच अंगावर होतं.

बुचानंतर कापोक आला, पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस. हे वाचून वऱ्हाडातल्या वाचकाला गंमत वाटावी. १८७०मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या गाठींसाठी, पण ज्या कापसाने हा जिल्हा जगाला माहीत झाला तो पाण्यात टाकला तर भिजून तळाला जातो. सावरीच्या तंतूवर मात्र मेणाचा पातळ थर असतो, आतून तो पोकळ असतो आणि त्यात हवा भरलेली असते. आजीच्या उशीत भरायची आणि मुलांच्या नाकात जाणारी आपली काटेसावर त्याच कुळातली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जहाजांवरची जॅकेटं कापोकने भरलेली असत. तो दाबला गेला, तेल लागलं की उचल जाई, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू फोमने त्याची जागा घेतली. गुरुजींच्या खाटेवर अजून सावरीची उशी आहे.

जॅकेट घ्यायचं ठरलं, पण बघायचं कुठे? मोताळ्यात नाही, बुलढाण्यात नाही. जिल्ह्याच्या गावी मिळतो तो स्कूटरवाल्यांचा रेनकोट. मुलीने ऑनलाइन मागवायचं, घालून बघायचं, नाही जमलं तर परत पाठवायचं, असं सुरू झालं. अंगणात कमी उंचीची खुर्ची टेकवायची म्हणजे कयाकच्या सीटइतकी बैठक होते, हातात वेळूची काठी वल्ह्यासारखी, आणि अंगात जॅकेट. ऐन मे महिन्यात अंगणात बसून हवेत वल्हवणारे गुरुजी बघायला गल्लीतली पोरं कुंपणाला लागायची. गुरुजींच्या पत्नीचा, बाईंचा, जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. त्या शेगावच्या गजानन महाराजांच्या निस्सीम भक्त, गजानन विजय ग्रंथाचं पारायण चुकवत नाहीत.

“अहो, कशाला पाहिजे हा खटाटोप? ओंकारेश्वराला नाव फुटली तेव्हा नर्मदामाईने हात लावून भोक बुजवलंच ना?”

“त्या नावेत महाराज बसले होते,” गुरुजी म्हणाले. “माझ्या नावेत मी एकटाच असतो.”

पहिलं आलेलं जॅकेट दिसायला देखणं होतं, पुढे खिसेच खिसे. पक्कड, गऱ्यांची डबी, दोरा कापायची छोटी सुरी, मोबाइल, तंबाखूची पुडीसुद्धा मावेल. भरून बघितलं तेव्हा छातीवर विटांचा थर रचल्यासारखं झालं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कयाक उलटली तर माणसाला पाण्यातून पुन्हा वर चढायचं असतं: पाय मारून अंग आडवं करायचं, पोटावर घसरत कयाकच्या मध्यापर्यंत जायचं, मग वळून बसायचं. छातीवर फुगलेले खिसे असले की ते कडेला अडतात, आणि दर खेपेला माणूस जास्त दमतो. खिसे असावेत, पण चपटे, आणि खालचा भाग मोकळा. ते जॅकेट परत गेलं.

दुसरं हवा भरायचं होतं. गळ्यात घालायच्या उपरण्याएवढं, अंगावर आहे हे कळतही नाही. दोरी ओढली की आतल्या छोट्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ते फुगतं. काही नमुने पाण्याचा स्पर्श होताच आपोआप फुगतात. उकाड्याच्या मुलखात हाच खरा मार्ग, असं कोणालाही वाटेल. गुरुजींनी ते बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. मग हिशेब मांडला. कयाकवर सारखं पाणी उडतं, आपोआप फुगणारं तिथे नको. दोरीचं घ्यावं तर डोक्याला मार बसला, शुद्ध हरपली, तर दोरी कोण ओढणार? एकदा फुगलं की नवीन नळकांडं लागणार, ते मोताळ्यात मिळायचं नाही. भोवती रोज धारदार गऱ्यांचा पसारा, आणि जॅकेट म्हणजे शेवटी फुगाच. पोहता न येणाऱ्याने तर त्याच्या वाटेला जाऊ नये असंच जाणकार सांगतात. तेही परत.

जे राहिलं ते दिसायला सगळ्यात साधं. पुढे चेन, दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे, खांद्यावरही पट्टे. पाठीचा फोम फक्त वरच्या भागात, खांद्याच्या पात्यांवर. खाली नुसतं जाळीदार कापड. कयाकचा टेका नेमका त्या जाळीवर येतो, त्यामुळे काही वर ढकललं जात नाही. बाह्यांच्या जागी मोठी खोबण, म्हणून वल्हं आणि गरी दोन्हीला हात मोकळा. फोम मऊ, एका जाड फळीऐवजी लहान लहान पट्ट्यांत शिवलेला, अंगाच्या वळणावर बसणारा. वॉर्डने कॅनव्हासवर बुचाचे तुकडे शिवले होते, त्याचा हा नातू म्हणायला हरकत नाही.

माप घ्यायचीही एक रीत आहे. प्रौढांचं जॅकेट वजनावर नाही, छातीच्या घेरावर ठरतं, मुलांचं वजनावर. आधी सगळे पट्टे सैल करायचे, चेन लावायची, मग खालून वर एकेक पट्टा आवळत यायचं. खालचा पट्टा कमरेच्या वर, बरगड्यांखाली घट्ट बसला पाहिजे, कारण जॅकेट वर सरकू न देण्याचं काम तोच करतो. गुरुजींच्या पोटाने इथे थोडा वाद घातला. पट्टा पोटावरून घसरून खाली जायचा. शेवटी तो पोटाच्या वर घेतला. मग बसून लांब श्वास घेऊन बघायचं, हात डोक्यावर नेऊन बघायचं, आणि शेवटी दुसऱ्या कुणीतरी खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल किंवा मोठं. हे उचलायचं काम बाईंनी केलं, आणि जरा जोरातच केलं.

खरी परीक्षा काठाजवळच्या छातीभर पाण्यात. गुडघे दुमडून अंग सोडून दिलं, हनुवटी पाण्याच्या वर राहिली, जॅकेट कानापर्यंत आलं नाही. कयाकवरून मुद्दाम उलटून पुन्हा वर चढायचा सराव झाला. या वयात तो डौलदार दिसत नाही आणि बघायला कुणी नसेल अशी वेळ निवडलेली बरी. छातीवरच्या एका खिशात शिट्टी आणि सुरी, दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल. पक्कड बांधली कयाकला, अंगाला नाही.

उकाड्यावर मात्र पूर्ण तोड नाही. घाटाखाली मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि फोम म्हणजे शेवटी अंगावरचं पांघरूणच. गुरुजी आत पांढरा सुती सदरा घालतात, जॅकेट अधूनमधून धरणात बुचकळून पुन्हा घालतात. भिजलं की तासभर तरी सुखाचं जातं. उरलेला उपाय म्हणजे लवकर निघून लवकर परतणं, आणि मरळही तेव्हाच लागते. घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत दांडीवर. पत्र्यावर वाळत टाकलं तर ऊन कापडाची आणि शिलाईची वाट लावतं, आणि धान्याच्या खोलीत टांगलं तर उंदीर फोम कुरतडतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते पाण्यात दाबून बघायचं, कुठे शिलाई उसवली आहे का, पट्टा सरकतोय का.

गुरुजी पहिल्यांदा हे जॅकेट घालून धरणावर गेले तेव्हा जाळी ओढणाऱ्या भोईदादांनी तराफा थांबवला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, हात वेळूसारखे. त्यांनी जॅकेट घालून बघितलं, चेन लावली, पाठ वाकवून दोन वेळा जाळं ओढल्याची नक्कल केली आणि काढून परत दिलं.

“गुरुजी, चांगलं हाये. पन आमच्या कामाचं नाही. बकलात जायं फसते. मंग मी वर येतो, पन जायं मले खाली ओढते.”

हे ऐकून गुरुजी काही वेळ गप्प होते. मासेमार जॅकेट घालत नाहीत याला आळस, अज्ञान, फाजील धाडस अशी कारणं आपण काठावरून देतो. इथे एक माणूस सरळ सांगत होता की गरीवाल्यासाठी बनलेल्या वस्तूतले खिसे, कड्या आणि बकलं जाळेवाल्यासाठी फास आहेत. उभ्या जाळ्याचा बारीक धागा कुठल्याही कोपऱ्याला गुंततो. शर्टाचं बटनसुद्धा ते लोक कामाला बसताना बंद करत नाहीत, उघडं तरी सोडतात किंवा शर्टच काढतात. त्यांच्यासाठी पुढून सपाट, डोक्यातून घालायचं, पट्टे कापडाखाली लपलेले असं जॅकेट लागेल. तसली असतात. वॉर्डच्या वल्हेकऱ्यांसारखंच आहे हे: कामाला अडेल ते अंगावर राहत नाही. मुंबईत गेटवेच्या समुद्रात १८ डिसेंबर २०२४ला नौदलाची बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडकली, १५ जण गेले, आणि त्यानंतर प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. प्रवासी तासभर बसून असतो, त्याला सक्ती चालते. दिवसभर वाकून जाळं ओढणाऱ्याच्या अंगावर सक्तीचं जॅकेट दुपारपर्यंतही टिकणार नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत गुरुजी दोन नमुने घेऊन गेले. पुढून सपाट असलेलं तरण्या पोरांनी डोक्यातून घातलं, एकमेकांना ‘डबेवाला’ म्हणून हसले, पण काढायची घाई केली नाही. सचिवांनी विचारलं, जाळ्यांच्या अनुदानात हे बसवता येईल का? कुणी म्हणालं, आधी एक-दोनच घ्या, हंगामभर वापरून बघू. कुणी म्हणालं, वास लागला तर साबणाने धुता येतं का? येतं, सौम्य साबणाने. पैशाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. मापं मात्र त्याच दिवशी घ्यायची ठरली, म्हणून गुरुजींनी बाईंच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप मागवली आणि हजेरीच्या जुन्या वहीत एकेकाच्या छातीचा घेर लिहायला सुरुवात केली. अध्यक्षांनी पोट आत ओढून धरलं होतं. भोईदादा म्हणाले, “सोडा ना अध्यक्ष, पाण्यात काय पोट धरून बसान?”

अध्यक्षांनी श्वास सोडला आणि वहीतला आकडा दोन इंचांनी वाढला.